मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन: आठ महिने खेळल्यानंतर

आधीच सांगतो, जुन्या आर्केड व्हिडिओ गेमचं हे कलेक्शन मी घेतलं ते फक्त मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ साठी, म्हणजे मार्व्हलचे सुपरहीरो आणि कॅपकॉम कंपनीच्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढतात त्या गेमसाठी. 2013 च्या शेवटी तो गेम डिजिटल स्टोअरवरून काढून टाकला होता, त्यानंतर जुनी डिस्क नाहीतर जुना कन्सोल शोधत बसायचं, एवढंच हातात होतं. सप्टेंबर 2024 ला हे कलेक्शन आलं तेव्हा बातमी वाचून मी पहिला फोन भावाला केला होता. घ्यायला मात्र थोडा वेळ गेला, पीएस5 (प्लेस्टेशन 5) वर पीएस4 चीच आवृत्ती चालते, आणि आता आठ महिने जवळजवळ रोज थोडातरी खेळतोय.

आत सात गेम आहेत. 1994 चा एक्स-मेन चिल्ड्रन ऑफ द ॲटम, मग मार्व्हल सुपर हीरोज, एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर, मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर, मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम पहिला आणि दुसरा, आणि सोबत 1993 चा पनिशर. पनिशर हा फायटिंग गेम नाहीच, चालत चालत गुंडांना मारत जायचं असा आहे, एकजण पनिशर घेतो आणि दुसरा निक फ्युरी. ज्यांनी लहानपणी मुस्तफा (कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स) खेळलाय त्यांना हा पहिल्या मिनिटात कळेल. रविवारी पुतण्या आला की आम्ही हाच लावतो, एका बैठकीत संपतो.

आता खरी गोष्ट. सांगलीत आमच्या शाळेजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरचं मशीन होतं. रुपयाला कॉइन. तिथे मोठी पोरं मूव्ह मारायची आणि आम्ही मागे उभे राहून बघायचो, कुणाचा हात कसा फिरतोय ते दिसायचंच नाही, मधे खांदे. विचारलं तर सांगायचे "हात बसायला लागतो रे". आणि मी खरंच इतकी वर्षं तेच धरून चाललो होतो, की काहींचा हात बसतो, आपला बसत नाही.

ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले चालू केला, म्हणजे आपण दाबलेली प्रत्येक दिशा आणि बटण स्क्रीनवर दिसतं, आणि हे सगळं बदललं. केबल नावाच्या कॅरेक्टरची ती हवेतली बीम आहे ना, हायपर वायपर बीम, मार्व्हल २ मधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट, ती जमिनीवरून लगेच मारायची तर खाली, तिरकं, पुढे, वर-पुढे आणि दोन्ही पंच एकत्र, इतक्या पटकन की केबल जेमतेम जमीन सोडतो आणि बीम सुटते. माझ्याकडून दहातून दोनदा यायची. स्क्रीनच्या कडेला बाण बघितले तर खाली, मग थेट पुढे. मधला तिरका बाण गायब! प्रत्येक वेळी! म्हणजे हात बसणं-बिसणं काही नव्हतं, अंगठा डी-पॅडच्या (कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणाच्या) कोपऱ्यावरून सरळ उडी मारून पलीकडे जात होता. मग रोज पंधरा मिनिटं फक्त तो एक बाण आणायचा एवढंच केलं, गेम नाही, मॅच नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यात दहातून सात-आठ यायला लागल्या. ज्या दिवशी सलग दहा आल्या त्या दिवशी मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवलं.

हिटबॉक्सही दिसतात, म्हणजे फटका कुठे लागतो ते दाखवणारे चौकोन. कुठली किक नेमकी किती लांब जाते, आपलं अंग कुठवर लागतं, सगळे चौकोन समोर. पार्लरमध्ये "मशीन चीटिंग करतंय" म्हणून जी भांडणं झाली त्यातली निम्मी या एका सोयीने मिटली असती.

मार्व्हल २ बद्दल थोडं, कारण नवीन माणूस गोंधळतो. 56 कॅरेक्टर आहेत, तिघांची टीम, बाकीच्या दोघांना मधेच असिस्टला, म्हणजे क्षणभर येऊन मदत करायला, बोलवता येतं. बॅलन्स म्हणाल तर नाही. मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल, केबल हे चौघं बाकीच्यांपेक्षा इतके वर आहेत की ऑनलाइन पुन्हा पुन्हा हेच दिसतात. तरी मला हा गेम आवडतो तो त्यामुळेच, कारण प्रत्येक निर्णयाची किंमत आहे. समोर केबल आहे, त्याच्याकडे मीटर (मोठ्या मूव्ह मारायला लागणारी, लढताना भरणारी पट्टी) आहे आणि तुम्ही घाईत असिस्ट बोलावला, की एकाच बीममध्ये तुम्ही आणि असिस्ट दोघंही भाजता. ही चूक भावाने माझ्याकडून इतक्या वेळा करवून घेतली की आता समोरच्याचा मीटर बघितल्याशिवाय असिस्टच्या बटणावर बोट जात नाही.

भाऊ दुबईला असतो. आम्ही ऑनलाइन खाजगी रूम करून शुक्रवारी रात्री खेळतो. रोलबॅक नेटकोड (समोरच्याची चाल आधीच अंदाजाने दाखवून चुकली तर दुरुस्त करणारी पद्धत) आहे त्यामुळे इतक्या लांबून खेळूनही बटण दाबल्यावर चाल अडकल्यासारखी वाटत नाही, मधे एखादी उडी मारते स्क्रीन, पण तेवढंच. अनोळखी लोकांशी कॅज्युअल किंवा रँक्ड मॅच लावली तर मात्र आपल्या वेळेला समोर कोणी मिळायला वाट बघावी लागते, आणि मिळतो तो बऱ्याचदा खूप लांबचा आणि वीस वर्षं हाच गेम खेळलेला. पहिला महिना मी नुसता हरलो. आणि क्रॉसप्ले नाही, पीएसवाला पीएसवाल्याशीच, पीसीवाला पीसीवाल्याशीच. हे मला खरंच खटकतं, आधीच खेळणारे कमी आणि त्यात भिंती.

बाकीच्या गेममध्ये मला अनपेक्षितपणे मार्व्हल सुपर हीरोज धरून बसला. टीम नाही, एकास एक, आणि लढताना इन्फिनिटी जेम (ताकद देणारे खडे) वापरायचे, शेवटी मुख्य खलनायक थॅनॉस. वेग कमी आहे, नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन. स्पेशल मूव्ह एका बटणावर लावायची सोय आहे, पुतण्या तशाच खेळतो आणि मजेत खेळतो. जुन्या गेममध्ये सुपर (मीटर खर्चून मारायची मोठी मूव्ह) मारल्यावर स्क्रीन जी जोरात लखलखते ती कमी करायचाही पर्याय आहे, रात्री खेळणाऱ्यांनी तो पहिला चालू करा, डोळ्यांना फार फरक पडतो.

कंट्रोलरचं सांगायचं राहिलं. मी मधे हौसेने एक स्वस्तातली आर्केड स्टिक (पार्लरच्या मशीनसारखा लिव्हर आणि बटणांचा कंट्रोलर) मागवली होती, दोन महिन्यांत तिचा लिव्हर ढिला झाला आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. आता पुन्हा डी-पॅडवरच आहे. एक्स-मेन आणि पहिल्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉमसाठी सहा बटणं लागतात, मार्व्हल २ ला चार अटॅक आणि दोन असिस्ट, त्यामुळे प्रत्येक गेमची बटणं सुरुवातीलाच वेगवेगळी लावून घ्या.

घ्यायचं असेल तर आधी ज्याच्याशी खेळणार त्याला फोन करून तो कशावर घेणार ते विचारा, मगच घ्या. मी सध्या स्टॉर्म शिकतोय. भावाचा सेंटिनल एखादा फटका खाऊनही मागे हटत नाही, तसाच अंगावर येतो, आणि त्याला हवेतून लांब ठेवायचं तर तिच्याशिवाय माझ्याकडे दुसरं कोणी नाही. येत्या शुक्रवारी बघू.