हास्केलचं ‘एमटीएल’ पॅकेज: स्टेट चांगलं, पण इम्पोर्ट जपून

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत नावाला एकदा दिलेली व्हॅल्यू बदलत नाही. मग साधा टोकन नंबर एकेकाने वाढवायचा कसा? ‘एमटीएल’ या तयार कोडच्या पॅकेजमधलं स्टेट, म्हणजे बदलती स्थिती एका पायरीवरून पुढच्या पायरीला देणारं साधन, हे काम फार सुबक करतं, आणि जीएचसी या हास्केलच्या कंपायलरसोबतच हे पॅकेज मिळतं. कबाल या बिल्ड टूलच्या प्रोजेक्टमध्ये मात्र बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत, त्याचं नाव घालावं लागतं, नाहीतर ‘हिडन पॅकेज’ची एरर येते.

‘टोकन’ या क्रियेला आधी स्टेट इंट इंट असं टाइप सिग्नेचर द्या. डू ब्लॉकमध्ये तीनच ओळी: गेटने चालू आकडा घ्यायचा, पुटने त्यात एक मिळवून ठेवायचा, रिटर्नने घेतलेला आकडा परत द्यायचा. एवढ्याने काहीच चालत नाही, कारण सुरुवातीची स्थिती अजून दिलेलीच नाही. ती रनस्टेट मागतं: आधी कंसात रेप्लिकेटएम 3 टोकन (टोकन तीनदा चालवा), मग सुरुवातीचा आकडा 10. उत्तर जोडीने येतं. पहिली 10, 11, 12 ही यादी, दुसरी अखेरची स्थिती 13. नुसती यादी हवी असेल तर इव्हॅलस्टेट, नुसती स्थिती हवी असेल तर एक्झेकस्टेट.

रेप्लिकेटएम ‘नॉट इन स्कोप’ दिसलं तर कंट्रोल.मोनॅड वेगळं इम्पोर्ट करा. आवृत्ती 2.3 पासून एमटीएल ते आपोआप पुढे देत नाही, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधला कोड इथे अडतो.

खरी तक्रार वेगळीच. कंट्रोल.मोनॅड.स्टेट इम्पोर्ट केलं की स्टेटचा लेझी, म्हणजे गरज पडेपर्यंत हिशोब न करणारा, प्रकार हाती येतो. दहा लाख वेळा मॉडिफायने (स्थिती बदलणारं फंक्शन) एक मिळवलं तर बेरजा होत नाहीत, न केलेल्या बेरजांची साखळी साठते आणि मेमरी फुगते. नुसतं मॉड्यूलच्या नावाच्या शेवटी स्ट्रिक्ट (हिशोब लगेच करणारा प्रकार) जोडून भागत नाही. तो प्रकार उत्तर आणि स्थितीची जोडी उलगडतो, आतला आकडा नाही. म्हणून स्ट्रिक्ट मॉड्यूल आणि शेवटी एकेरी अवतरणचिन्ह असलेलं मॉडिफाय, दोन्ही हवेत. ऑप्टिमायझेशन चालू असताना ही चूक झाकली जाऊ शकते, तेव्हा जीएचसीआयमध्येही (जीएचसीचा ओळीओळीने कोड चालवणारा प्रकार) तपासा.

झाडाच्या फांद्यांना क्रमांक देणं, छोटा पार्सर लिहिणं यासाठी हे डोळे मिटून घ्यावं. नुसती बेरीज करायची तर लेफ्ट फोल्डचा (यादी डावीकडून गोळा करत जाणारं फंक्शन) स्ट्रिक्ट प्रकार पुरतो. मधेच स्क्रीनवर छापायचं असेल तर आयओवर (छापणं, वाचणं अशा बाहेरच्या कामांचा प्रकार) बसवलेलं स्टेटटी वापरा. पण आयओत एक्सेप्शन उडालं की तोवरची स्थिती हातची जाते. ती टिकवायचीच असेल तर आयओरेफ, म्हणजे आयओमधला बदलता येणारा कप्पा, घ्या.