लहान समुद्री कासवांच्या तपासणीसाठी आय-स्टॅट यंत्र

अमेरिकेतील केप कॉडच्या उपसागरात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी गार पडले की केम्प्स रिडले जातीची, बहुतेक दोन ते चार वर्षांची कासवे गारठून किनाऱ्याला लागतात आणि एकाच दिवसात मोठ्या संख्येने उपचारांसाठी दाखल होतात. वरवर पाहता सगळी सारखीच निपचित असतात. त्यांतील कोणाचे हृदय धोक्यात आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. अशा वेळी ॲबट कंपनीचे आय-स्टॅट हे हातात मावणारे रक्ततपासणी यंत्र मला फार मोलाचे वाटते.

त्याच्या सीजी८+ कार्ट्रिजला, म्हणजे यंत्रात घालायच्या, एकदाच वापरायच्या तपासणी-डबीला, ०.०९५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब रक्त पुरते. सुमारे दोन मिनिटांत रक्ताचा सामू (पीएच), कार्बन डायऑक्साइड, सोडियम, पोटॅशियम, आयनीकृत (रक्तात मुक्त असलेले) कॅल्शियम आणि साखर यांचे आकडे पडद्यावर येतात. सामू घसरलेला, कार्बन डायऑक्साइड साठलेला आणि पोटॅशियम चढलेले असे तिन्ही एकत्र दिसले, तर त्या कासवाला रांगेत थांबवू नये, कारण वाढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात. हा निर्णय इतक्या लवकर घेता येणे, हेच या यंत्राचे खरे मोल आहे.

मात्र यंत्र माणसांसाठी बनवलेले आहे, हे क्षणभरही विसरून चालत नाही. ते रक्त ३७ अंश सेल्सियसला आणून मोजते, आणि गारठलेल्या कासवाचे शरीर कधीकधी १० अंशांच्याही खाली असते. त्यामुळे सामू प्रत्यक्षाहून कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त दिसतो. कासवाच्या तापमानानुसार दुरुस्ती केल्याशिवाय ते आकडे वाचू नयेत. तांबड्या पेशींचे प्रमाण यंत्र रक्ताच्या विद्युतवाहकतेवरून काढते. कासवाच्या बाबतीत त्यावर मी विसंबत नाही. बारीक काचनळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ते मोजणेच योग्य. पांढऱ्या पेशी तर यंत्र मोजतच नाही. कासवांच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असल्यामुळे माणसांसाठीची स्वयंचलित गणकयंत्रेही तेथे फसतात आणि सूक्ष्मदर्शकाला पर्याय उरत नाही.

नमुना नीट घेतला नसेल, तर उत्तम यंत्रही कुचकामी ठरते. कासवाचे डोके किंचित खाली करून, मान ताणून, मानेच्या वरच्या बाजूस मध्यरेषेशेजारील शिरेतून रक्त घेतात. तिच्या लगतच लसिकावाहिन्या असतात. सिरिंजमध्ये रक्ताआधी पाण्यासारखा पारदर्शक द्रव चढला, तर तो नमुना पातळ झाला असे समजून टाकून द्यावा. रक्त ठेवायची नळी हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची असावी. ईडीटीए या तशाच दुसऱ्या द्रव्यामुळे कासवांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, वीस ग्रॅमच्या आतबाहेर वजनाच्या पिल्लासाठी मात्र हे दोन-तीन थेंबही जास्त ठरू शकतात. त्याच्यासाठी हे यंत्र मी सुचवणार नाही.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही जखमी कासवे वाहून येतात आणि डहाणूला त्यांच्यावर उपचार होतात. कोकणपट्टीत हे यंत्र घ्यायचे झाल्यास दोन खर्च आधीच धरावे लागतील: कार्ट्रिजे २ ते ८ अंशांत ठेवणारा भरवशाचा फ्रिज आणि वातानुकूलित खोली, कारण यंत्र १६ ते ३० अंशांच्या दरम्यानच चालते. त्यांच्या जोडीला लहान सेंट्रिफ्यूज आणि सूक्ष्मदर्शक असेल, तर ही खरेदी जरूर करावी. पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर मी आधी सूक्ष्मदर्शक घेईन.