नोडचा नेटवर्क कोड वेगवेगळ्या भागांत विभागताना: टप्प्याटप्प्याने की एकदम?

बिटकॉइन कोअर या बिटकॉइनचा नोड (नेटवर्कमधला संगणक) चालवणाऱ्या मूळ प्रणालीवरून घेतलेला फोर्क, म्हणजे तिची वेगळी वाढवलेली प्रत, सांभाळणाऱ्या आमच्या चार जणांच्या चमूत, नाशिकमधल्या महात्मानगरच्या कार्यालयात, या प्रश्नावर दोन आठवडे वाद चालला. तोच निर्णय ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला मार्ग टप्प्याटप्प्याचा. खुद्द बिटकॉइन कोअरने डिसेंबर 2016 मध्ये हजारो ओळींची मेन.सीपीपी ही फाइल फोडली, पीअरकडून (जोडलेल्या दुसऱ्या नोडकडून) येणाऱ्या संदेशांची हाताळणी एका फाइलीत व ब्लॉकची पडताळणी दुसरीत नेली, आणि मार्च 2017 च्या 0.14 आवृत्तीत ती रचना लोकांपर्यंत पोहोचली. ओळी फक्त हलवलेल्या असल्या की गिट डिफ (कोडमधले बदल दाखवणारी आज्ञा) त्या वेगळ्या रंगात दाखवू शकते, त्यामुळे तपासणाऱ्याचे काम हलके होते. मात्र फाइल वेगळी झाली तरी दोन्हीकडचा कोड सीएस-मेन या एकाच लॉकसाठी (सामायिक माहितीला एका वेळी एकालाच हात लावू देणाऱ्या कुलपासाठी) थांबत राहिला, हे विसरू नये.

दुसरा मार्ग सॉकेट (नेटवर्कची जोडणी), ट्रान्सपोर्ट (बाइटचे संदेश व संदेशांचे बाइट करणे) आणि संदेशांचे तर्क असे तीन थर नव्याने लिहिण्याचा. त्यातला ट्रान्सपोर्टचा थर मोहात पाडतो. जुन्या पद्धतीच्या संदेशाचे शीर्ष 24 बाइटचे असते: 4 नेटवर्कची खूण, 12 संदेशाचे नाव, 4 लांबी, 4 चेकसम (मजकूर बिघडला नाही ना हे तपासणारा आकडा). थर वेगळा असला की सॉकेट न उघडता आधी 23 बाइट आणि मग चोविसावा देऊन, अर्धवट शीर्ष आल्यावर कोड कसा वागतो ते पाहता येते. आमच्या जुन्या कोडमध्ये एवढ्यासाठी खरी जोडणी उभारावी लागे. कोअरमध्येही ट्रान्सपोर्ट आधी वेगळा काढल्यामुळेच बीआयपी 324 या बिटकॉइन-सुधारणा प्रस्तावातले एन्क्रिप्टेड (कूटबद्ध) दळणवळण जुन्याच्या शेजारी बसवता आले. डिसेंबर 2023 च्या 26.0 मध्ये ते ऐच्छिक होते, एप्रिल 2024 च्या 27.0 पासून आपोआप चालू असते.

पण सगळेच नव्याने लिहिले, तर मूळ प्रकल्पातली प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती हाताने उतरवावी लागते, आणि अनोळखी पीअरचे बाइट वाचणाऱ्या कोडमध्ये हा उशीर महागात पडतो. म्हणून मूळ प्रकल्पातून दुरुस्त्या घेत असाल, तर पहिलाच मार्ग धरावा आणि तुमचा फोर्क त्या विभागणीच्या आधीचा असला, तर फाइलींची रचनाही कोअरसारखीच ठेवावी. प्रोटोकॉल (नोडांच्या आपसातल्या संवादाचे नियम) स्वतःचा असेल, तरच दुसऱ्याचा विचार करावा.

दोन्हींत एक पथ्य आहे: कोड हलवणे आणि वागणूक बदलणे एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) नको. आमचा पिंपळगावचा सहकारी म्हणतो, द्राक्षबागेतही खरडछाटणी एप्रिलात, फळछाटणी ऑक्टोबरात; दोन्ही एकदम नाही. आम्ही मात्र कोड हलवता हलवता टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) ‘सुधारला’; चाचण्या हिरव्या राहिल्या, पण संथ पीअर तुटू लागले आणि कारण शोधायला तीन दिवस गेले.