फ्रूट्स नोंदणी: जोडणी चांगली, घोळ नावाचा

कर्नाटक सरकारची 'फ्रूट्स' ही शेतकरी नोंदणी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याने करून घ्यावी. एकदा एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, मिळाला की कृषी, फलोत्पादन, रेशीम, पशुसंगोपन या खात्यांत तेच कागद पुन्हा पुन्हा द्यावे लागत नाहीत. हमीभावाने सोयाबीन घालायला आणि पीक नुकसानभरपाईलाही तोच नंबर मागतात. सगळ्यात मोलाची सोय कर्जाची आहे. बँक एफआयडीवरून सर्व्हे नंबर बघते आणि कर्जाचा बोजा 'कावेरी' या दस्त नोंदणीच्या प्रणालीमार्फत थेट 'भूमी' या जमीन नोंदींच्या प्रणालीतल्या उताऱ्यावर चढतो. सब-रजिस्ट्रारकडचे हेलपाटे वाचतात.

खाती इतकी छान जोडली, पण नाव कसं लिहायचं याचा एकच नियम कुणी घातला नाही, आणि त्याचा त्रास सीमाभागातल्या मराठी नावांना जास्त होतो. उताऱ्यावर नाव कन्नड लिपीत, आधारवर इंग्रजीतही. 'पाटील' कन्नडात शेवटच्या लचा पाय मोडून लिहितात, न मोडताही लिहितात. 'जाधव'मधल्या धचा कुठे द होतो. कुठे वडिलांचं नाव असतं, कुठे नुसतं आडनाव. नाव पुरेसं जुळलं नाही की मंजुरी अडते.

म्हणून आधी आधार, पासबुक आणि उतारा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक उताऱ्यात असेल तर दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करा, आणि मगच हे तिन्ही कागद घेऊन रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या होबळी पातळीवरच्या कार्यालयात, जा. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखलाही न्या. सामाईक उताऱ्यात प्रत्येक हिस्सेदाराने आपापला एफआयडी काढायचा असतो. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा लावून घ्या. जमीन घेतली-दिली की एफआयडीतले सर्व्हे नंबर पुन्हा तपासा.

अनुदान-भरपाईचे पैसे न येण्याचं कारण पुष्कळदा बँकेकडे असतं. आधारवर आधारित रक्कम फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर जात नाही, एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे) आधारला जे खातं शेवटी जोडलंय तिथे जाते. दोन बँकांत खाती असतील तर हे आधी विचारून घ्या.

महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली जमीन मात्र फ्रूट्समध्ये दिसणार नाही, कारण ते फक्त कर्नाटकच्या 'भूमी'तले उतारे वाचतं. तिकडच्या सातबाऱ्यासाठी महाराष्ट्राचा शेतकरी ओळख क्रमांक वेगळा काढावा लागतो.