एकट्याने ब्रेकची एअर काढायची बाटली : कामाची आहे, पण पाईप बदला

मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा भाग) लीक होता म्हणून घरीच बदलला, आता ब्रेक ऑइलच्या लाईनमध्ये एअर शिरणारच, आणि ती काढायला दरवेळी बायकोला सीटवर बसवून "दाब... धर... सोड" करत बसायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत घरात अबोला. म्हणून ही बाटली ऑनलाइन मागवली, 450 रुपये. प्लास्टिकची बाटली, पारदर्शक पाईप, मध्ये वन-वे व्हॉल्व्ह आणि चिकटवायला मागे मॅग्नेट, बस्स.

काम सोपं आहे. चाकामागच्या निप्पलवर (एअर बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) आधी रिंग पाना चढवा, मग पाईप, अर्धा आटा सैल करा आणि आत बसून पेडल सावकाश दाबा-सोडा, व्हॉल्व्ह असल्यामुळे तेल मागे ओढलं जात नाही. गाडी जुनी असेल तर पेडल एकदम तळाला आपटू नका, मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा भाग) सील जिथे कधी घासलेलं नसतं तिथे गंज-कचरा असतो, ते फाटतं. सात-आठ वेळा दाबलं की उतरून बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी बघायची, ती रिकामी झाली तर वरून परत एअर, सगळं पहिल्यापासून.

आता तक्रार. पाईप निप्पलवर ढिला बसतो. पहिल्या दिवशी बुडबुडे थांबेचनात, पाव लिटर तेल घातलं तरी तेच, मला वाटलं नवीन सिलिंडरच खराब निघाला! नंतर कळलं की हवा पाईपच्या तोंडातून आणि निप्पलच्या आट्यांतून आत ओढली जात होती, लाईनमध्ये काहीच नव्हतं. छोटी क्लिप लावली, आट्यांना बाहेरून थोडं ग्रीस फासलं, पाचव्या दाबाला तेल स्वच्छ. पेडल जे दबदबीत लागत होतं ते वरच कडक झालं.

मॅग्नेट पण कामचुकार आहे, बाटली कलंडली आणि तेल रिमवर सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाणी ओता. तेल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच आणि सीलबंदच घ्या (माझ्यात डॉट 3 ग्रेडचं), गेल्या पावसाळ्यात उघडलेला डबा वापरू नका, ते हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट 3 निदान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हा आकडा 140 पर्यंत येऊ शकतो, घाटात उतरताना फरक कळेल.

एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्येच एअर अडकली असेल तर या बाटलीच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच गाड्यांना त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

पाचपैकी साडेतीन. क्लिप 10 रुपयांची, ती यांनीच दिली असती तर चार दिले असते.