रिव्हारोक्साबॅन: फुप्फुसातल्या गुठळीवर चांगली गोळी, पण बाविसावा दिवस सांभाळा

पायातली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली की पूर्वी पोटात हेपॅरिनची इंजेक्शनं, सोबत रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) 2 ते 3 मध्ये बसेपर्यंत पुन्हापुन्हा रक्ततपासणी, असा क्रम असे. रक्त पातळ करणारी रिव्हारोक्साबॅनची गोळी तो सगळा खटाटोप वाचवते. 2012 च्या आइनस्टाइन-पीई चाचणीत 4,832 रुग्ण होते. गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण गोळीवर 2.1 टक्के, जुन्या उपचारावर 1.8, फरक नगण्य. मोठा रक्तस्राव मात्र 1.1 विरुद्ध 2.2 टक्के, आणि तिची खरी कमाई हीच.

पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, बाविसाव्या दिवसापासून 20 मिलिग्रॅम रोज एकदा. घोटाळा इथेच होतो. 15 च्या बरोबर 42 गोळ्या लागतात. कुणी त्या संपल्यावर 20 चीही दोनदा घेत राहतं आणि रक्तस्राव ओढवून घेतं. कुणी बरं वाटलं म्हणून दहाव्या दिवशीच एकावर येतं, तेही गुठळी ताजी असताना. डिस्चार्ज कार्डावर बदलाची तारीख लिहूनच घ्या.

दुसरी चूक उपाशीपोटी घेण्याची. तशी घेतली तर 20 च्या गोळीचा जेमतेम दोन-तृतीयांश भाग रक्तात उतरतो. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. चतुर्थीचा उपवास असेल तर रात्री सोडताना, पानावर बसल्यावर घ्या. पहिल्या 21 दिवसांत सकाळची राहिली तर त्याच दिवशी दोन्ही एकदम चालतात. पुढच्या टप्प्यात दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नको.

क्षयावरचं रिफॅम्पिसिन, फिटवरचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर या गोळीचा जोर उतरतो; डॉक्टरांना आधीच सांगा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन टाळा, पॅरासिटामॉल बरी. गर्भारपणात ही गोळी नाही, तिथे हेपॅरिनचीच इंजेक्शनं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीरातल्या प्रतिपिंडांमुळे वारंवार गुठळ्या होण्याचा आजार) असेल, विशेषतः त्याच्या तिन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह असतील, तर वॉरफरिनच. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला गोळीच्या भरवशावर ठेवणं धोक्याचं. त्याला आयसीयूत गुठळी विरघळवणारं औषध, बहुधा अल्टेप्लेज 100 मिलिग्रॅम दोन तासांत, द्यावं लागतं.

पाळी जड जाणाऱ्या बाईला याच गटातलं अपिक्साबॅन अधिक सोसतं: 7 दिवस 10 मिलिग्रॅम दोनदा, मग 5 दोनदा. जेवणाची अट नाही, मात्र रोजच्या दोन वेळा चुकवून चालत नाही.

उपचार किमान तीन महिने. गुठळी मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची असेल तर बहुधा तिथेच थांबतात. कारणच सापडलं नसेल तर सहा महिन्यांनंतर रिव्हारोक्साबॅनची गोळी 10 मिलिग्रॅमवर पुढे चालू ठेवता येते.