गिझर गळतोय म्हणजे टाकीच गेली असं नाही: २५ लिटरच्या गिझरचा अनुभव

२५ लिटर, २००० वॉट, ग्लासलाइन्ड (आतून काचेचा लेप दिलेली) टाकी, उभं मॉडेल. बाकी माहिती सगळ्यांना आहे. पाणी झटपट तापतं, सकाळच्या आंघोळी लागोपाठ उरकतात, त्याबद्दल काही तक्रार नाही. मला लिहायचंय ते गळतीबद्दल, आणि त्याहून जास्त आतल्या मॅग्नेशियमच्या रॉडबद्दल. घेताना दुकानदाराने किंवा फिटिंगला आलेल्या माणसाने त्याचा चकार शब्द काढला नव्हता.

आम्ही वाघोलीला राहतो. पाणी टँकरचं नाहीतर बोअरचं, तोट्यांवर कायम पांढरा थर. या हिवाळ्यात गिझरच्या खालच्या झाकणातून थेंब पडायला लागले. कंपनीचा माणूस आला, खालून बॅटरी मारली आणि झाकण न उघडताच म्हणाला, "टाकी लीक आहे साहेब, रिपेअर होत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन बसवून देतो." टाकीची वॉरंटी शिल्लक होती, तर म्हणे खारं पाणी वॉरंटीत बसत नाही. व्हिजिट चार्ज मात्र रोख घेतला. संताप आला.

मग आमच्या नेहमीच्या प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी एमसीबी पाडला, इनलेटचा कॉक बंद केला आणि झाकण काढलं. गळती कुठून आहे हे बाहेरून कळतच नाही. आतल्या फोममधून पाणी झिरपत जातं आणि कुठेही फुटलेलं असलं तरी सगळ्यात खालच्या जागी येऊन टपकतं. काकांनी आतला भाग फडक्याने कोरडा केला आणि पाइपचे जोड, व्हॉल्व्ह, कॉइलची प्लेट अशा प्रत्येक ठिकाणी टिश्यू पेपर दाबून धरला. जोड कोरडे, व्हॉल्व्ह कोरडा. प्लेटच्या कडेला कागद लगेच ओला झाला. म्हणजे गॅस्केट, प्लेट आणि टाकीच्या मधलं रबरी सील! टाकी गळत असती तर बहुतेक वेळा गंजाचं तांबूस पाणी येतं. इथे स्वच्छ पाणी होतं.

टाकी रिकामी करून प्लेट उतरवली तेव्हा बादलीभर पांढरा चिखल आणि खपल्या निघाल्या. कॉइलवर क्षारांचा जाड थर, गॅस्केटचं रबर कडक होऊन चिरलेलं. आणि रॉड? मधली लोखंडी तार तेवढी उरलेली, तिला दोनचार भुसभुशीत गाठी चिकटलेल्या. हा रॉड स्वतः झिजतो म्हणून टाकीचं लोखंड वाचतं. ग्लासलायनिंगला बारीक छिद्रं असतातच, तिथे गंज धरू नये याची जबाबदारी त्याची. खाऱ्या पाण्यात तो लवकर संपतो, आणि संपला की पुढचा नंबर टाकीचा. आमची टाकी थोडक्यात वाचली.

गॅस्केट, रॉड, मजुरी मिळून जो खर्च आला, तो नव्या गिझरच्या पासंगालाही पुरणार नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा थेंब! या वेळी सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून. सुरुवातीला वाटलं, व्हॉल्व्हही गेला. नीट पाहिलं तर फक्त पाणी तापत असताना गळायचं, बंद केलं की थांबायचं. २५ अंशांचं पाणी ६० वर गेलं की दीड टक्क्याच्या आसपास फुगतं, म्हणजे २५ लिटरमागे साडेतीनशे मिली. पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे लाइनमध्ये जात नाही, प्रेशर वाढत जातं आणि ८ बारच्या सुमारास व्हॉल्व्ह ते बाहेर सोडतो. म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय. त्या व्हॉल्व्हबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं. त्याचं तोंड कृपा करून बंद करू नका, टाकी फुटू शकते. बारीक नळी लावून मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही सतत गळत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत किंवा लाइनचं प्रेशर जास्त आहे.

माझा राग कायम आहे तो रॉडवरूनच. तो किती उरलाय हे टाकी रिकामी करून प्लेट उतरवल्याशिवाय दिसत नाही. दरवर्षी एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे घेऊन जाणाऱ्यांनी तो एकदाही उघडून बघितला नाही. सर्व्हिसच्या कागदावर मात्र "चेक केला" अशी टिकमार्क आहे.

गोड पाण्याच्या भागात हा गिझर खुशाल घ्या. बोअर किंवा टँकरवर असाल तर पैसे देण्याआधी या मॉडेलचा रॉड आणि गॅस्केट सुटं मिळतं का ते विचारा, आणि एएमसीच्या माणसाला रॉड तुमच्यासमोर काढून दाखवायला लावा.